मापाचा ब्राउझर

आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत तीन जुने कम्प्युटर होते. त्यांच्यावर जो ब्राउझर चालायचा, तो आता जगात कोणी बनवत नाही. लोक अजून मला त्यावरून चिडवतात. एखाद्याच्या मोडक्या स्कूटरचं नाव घ्यावं तसं 'भाऊचा ब्राउझर' म्हणतात. हे मी त्यांना उत्तर म्हणून लिहीत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. उत्तर म्हणूनच लिहितो आहे.

मी पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेनच्या देखभालीचं काम करतो. वडील भंडाऱ्याकडून इथे कामाला आले, मी इथेच जन्मलो. आमचा बौद्ध विहार कॅम्प नावाच्या कामगार वस्तीत आहे. समोर हॉल, मागे एक लांबट खोली, तिला एक खिडकी. त्या खोलीत आम्ही काही जणांनी अभ्यासिका सुरू केली. दुर्गला मोहन नगरात एक सायबर कॅफे बंद पडला. मालक कम्प्युटर भंगारात काढत होता. तिथून आम्ही तीन उचलले आणि टेम्पोत घालून आणले. वाटेत एकाचा माऊस कुठे तरी पडला.

मशीन आली, पण त्यांच्यात घालायचं काय? पॉवर हाऊस नावाच्या भागातल्या बाजारात एक जण चोरून कॉपी केलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी टाकून द्यायचा, अख्खं शहर त्याच्याकडूनच टाकून घ्यायचं. मीही जाणार होतो. बायकोने दारातच अडवलं.

"कुठं चालले?"

"सीडी टाकून आणतो. सगळेच टाकतात."

"रोज सकाळी विहारात पंचशील म्हणायचं, न दिलेलं घेणार नाही म्हणायचं, अन् मांगच्या खोलीत चोरीची सीडी? मंग वंदना तरी कायले करता?"

म्हणून आमच्याकडे लिनक्स आलं. ते फुकट वाटलेलंच असतं, घेतलं तर चोरी होत नाही. बसवायला मला तीन रविवार लागले. चालायला लागलं, पण ब्राउझर उघडला की मशीन धापा टाकायचं. एक पान उघडेपर्यंत पोरी पुस्तकाचं एक पान वाचून घ्यायच्या.

पोरी म्हटलं, कारण खोलीत जास्त करून पोरीच यायच्या. पोरांना बाहेर बसायला जागा होती. त्यातली एक माझ्या डोळ्यासमोर कायम आहे. तिचे वडील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर, ठेकेदाराकडे काम करायचे. एका खोलीचं घर, खाणारी पाच तोंडं, टीव्ही त्याच खोलीत. ती रेल्वेच्या परीक्षेची तयारी करत होती. पॉवर हाऊसच्या कॅफेत पडदे लावलेल्या खोपट्या असत, आत कोण काय करतं ते दिसत नसे, त्यामुळे बापाने तिथे पाय ठेवायला मनाई केली होती. अर्ज भरायचा, प्रवेशपत्र काढायचं, जुने पेपर पाहायचे, सगळं तिला विहाराच्या खोलीतच करावं लागे. ही खोली गेली असती तर तिचा अभ्यास गेला असता. दुसरी जागाच नव्हती.

आणि खोली जाण्याचा विषय निघालाच. एका मंडप-डेकोरेशनवाल्याला बांबू, कनाती आणि सतरंज्या ठेवायला जागा हवी होती. भाडं द्यायला तयार होता. विहाराची मागची भिंत पडायला आली होती. विहार समितीच्या अध्यक्षांनी हिशेब मांडला की भाड्यातून भिंत होते. अध्यक्ष वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. प्लांटच्या रेल मिलमधून, म्हणजे जिथे रूळ बनतात तिथून, फोरमन म्हणून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. ते म्हणाले, "भाऊ, तुमचे डब्बे चालून रायले असते तर मी शब्द काढला नसता. पण ते चालते कुठं? येत्या रविवारी वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर चालवून दाखवा. चालले तर खोली तुमची."

मला आव्हान आवडतं. शोधता शोधता मला तो ब्राउझर सापडला.

तो प्रकार असा होता. एका नावाजलेल्या फुकट ब्राउझरचा मूळ कोड सगळ्यांना खुला होता. कोणा एका माणसाने तो घेतला आणि प्रत्येक प्रोसेसरसाठी, म्हणजे मशीनमधल्या मुख्य चिपसाठी, वेगळा बांधला. त्याच्या पानावर एक यादी होती. तुमच्या मशीनमध्ये कोणती चिप आहे ते पाहा, तिच्यासमोरची फाइल घ्या. बाकीचे सगळे ब्राउझर तयार कपड्यांसारखे, एकच माप, कोणालाही बसेल आणि कोणालाच नीट बसणार नाही. हा मापाने शिवलेला. त्या यादीत नव्या चिपा होत्याच, पण ज्यांना भंगारवाल्यानेही धड विचारलं नसतं त्याही होत्या. कुठे तरी कोणी तरी बसून आमच्या खोलीतल्यासारख्या मशीनसाठी वेगळी फाइल बांधली होती. पैसे मागितले नव्हते. ती यादी पाहून मला काय वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर हसले असते.

मग मी जे केलं ते प्लांटमधला माणूसच करेल. आमच्याकडे पाच टनाचं ओझं उचलायचं असेल आणि स्टोअरमध्ये दहा टनाची स्लिंग, म्हणजे ओझं बांधायचा दोर, असेल, तर दहाची घ्यायची. वरच्या ताकदीच्या वस्तूने आजवर कोणाचा जीव घेतलेला नाही, खालच्या ताकदीच्या वस्तूने घेतला आहे. हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं आहे की घरात कुकरची रिंग आणतानाही मी जाडच आणतो. तर मी यादीतली सगळ्यात वरची, सगळ्यात नव्या चिपची फाइल घेतली आणि तिन्ही मशीनवर तीच टाकली. उघडून पाहिली, उघडली. मजकुराचं एक पान पाहिलं, झरकन आलं. मी समाधानाने घरी गेलो.

रविवारी वंदनेनंतर पन्नास-साठ माणसं मागच्या खोलीच्या दारात गोळा झाली. अध्यक्ष खुर्चीवर बसले.

"लावा भाऊ."

मी लावलं. ब्राउझर उघडला. लोक पुढे सरकले.

"आता त्या परीक्षेची साइट दाखवा. पोरी त्याच्यासाठीच येतात ना?"

मी पत्ता टाकला. त्या पानावर फोटो होते, हलणाऱ्या पट्ट्या होत्या. पान अर्धं आलं आणि अख्खी खिडकी नाहीशी झाली. अडकली नाही, थांबली नाही, सरळ गेली. दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावरही तेच.

मागून एक जण म्हणाला, "काय गा भाऊ, साइट गेली का कम्प्युटर मेला?"

दुसरा म्हणाला, "झटक्यात निर्वाण!"

हशा पिकला. अध्यक्ष हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी ठराव घेऊ." आणि उठले.

ती पोरगी खिडकीशी उभी होती. सगळे गेल्यावर म्हणाली, "काका, आता?"

"आता काय. हार मानली काय मी?"

"तुम्ही नाही मानली. पण मले कुठं बसवाल ते सांगा."

त्याच दुपारी मी काळ्या खिडकीतून, म्हणजे जिथे नुसत्या अक्षरांनी हुकूम देतात तिथून, ब्राउझर चालवला. फोटोचं पान येताच खाली एक ओळ उमटली, 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. मी ती मोठ्याने वाचली. बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती म्हणाली, "म्हणजे आता पोलीस येतात का काय?"

पोलीस येत नव्हते. अर्थ असा होता की प्रोग्रॅमने चिपला असा हुकूम दिला जो ती कधी शिकलेलीच नव्हती. नव्या चिपेला फोटो उलगडण्याचे काही जास्तीचे हुकूम कळतात. मी वरची फाइल टाकली होती, म्हणून तिने तेच हुकूम दिले. मजकुराच्या पानावर त्यांची गरज पडली नाही, म्हणून माझ्या परीक्षेत सगळं पास झालं. दहा टनाची स्लिंग पाच टन उचलते, पण वरच्या चिपेचा ब्राउझर खालच्या चिपेवर चालत नाही. मला याची लाज वाटली नाही. स्लिंगचा नियम स्लिंगला खरा आहे, त्या नियमाने आमची माणसं संध्याकाळी घरी येतात. तो इथे लागू नाही एवढंच.

मग आतली चिप कोणती हे पाहावं लागणार होतं. लिनक्सला विचारलं तर तेही सांगतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी मिस्त्रीच्या डोक्याने पाना घेतला आणि डबे उघडले. आत इतकी धूळ की पंख्याच्या पात्या दिसेनात. बायकोने घरून रंगाचा जुना ब्रश आणला आणि तिन्ही डबे अंगणात नेऊन झाडले. चिपेची उष्णता पंख्याकडे नेणारं मलम वाळून गेलं होतं, ते मी कापडाने पुसलं. अक्षरं इतकी बारीक की माझ्या चष्म्याला जुमानेनात. ती पोरगी वाकून वाचत गेली. तिन्ही चिपा वेगवेगळ्या निघाल्या. दोन एका कंपनीच्या, एक दुसऱ्या कंपनीची, आणि त्या दोनही एका पिढीच्या नव्हत्या.

"तिघी बहिणी समजत होतो," बायको म्हणाली, "निघाल्या जावा-जावा."

तिघींना तीन वेगळ्या फाइली टाकल्या. यादीत तिघींचीही नावं होती. नवं मलम लावलं, डबे बंद केले. या वेळी फोटोचं पान आधी उघडून पाहिलं.

पुढच्या रविवारी तिन्ही चालले. अध्यक्षांनी स्वतः माऊस हातात घेऊन परीक्षेची साइट उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "ठीक आहे," म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द." ठराव मागे पडला.

आता इथे मला एक गोष्ट नीट सांगायची आहे. लोक म्हणतात तो ब्राउझर दुप्पट वेगाने चालायचा. ते खरं नाही. मी घड्याळ लावून साधा ब्राउझर आणि हा ब्राउझर एकाच मशीनवर, एकाच पानावर, पुन्हा पुन्हा मोजले. फार तर दहातला एक हिस्सा वेळ वाचायचा. काही पानांवर काहीच नाही. खरा फरक धूळ झाडल्याने आणि नव्या मलमाने पडला होता. हे मी तेव्हाही सांगत होतो, पण चमत्कार सोडून ब्रशचं कौतुक कोणी ऐकून घेत नाही. मग मी तो ब्राउझर का ठेवला, असं विचारतात. दहातला एक हिस्सा तर होता ना. आणि दुसरं कारण मी वर यादीबद्दल लिहिलं तेच.

काही वर्षं अशी गेली. रेल्वेची भरती म्हणजे निघते, लांबते, थांबते, पुन्हा निघते. ती पोरगी एकदा थोडक्या गुणांनी हुकली, एकदा परीक्षाच पुढे ढकलली गेली. वय वाढत होतं. इकडे ब्राउझरच्या पानावर नव्या आवृत्त्या यायच्या थांबल्या. बनवणाऱ्याने निरोपाचा शब्दही लिहिला नाही. यादी होती तशी पडून राहिली आणि एके दिवशी पानच उघडेना. मग एकेक साइट आमच्याकडे पाहून सांगू लागली की तुमचा ब्राउझर जुना झाला आहे. मी खोलीत सगळ्यांना बजावलं की यावर बँकेचं काही उघडायचं नाही, पासवर्ड टाकायचा नाही, कारण जो दुरुस्त होत नाही त्याला भोकं पडत जातात. साधा ब्राउझर टाकून पाहिला, तर त्याच्याही नव्या आवृत्तीने जुन्या चिपांना दार लावलं होतं. आमच्या तिघींपैकी दोघी बाहेर राहिल्या.

मंडपवाला पुन्हा आला. या वेळी सभा हॉलमध्ये भरली. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर, नेहमीसारखं. अध्यक्ष तेच होते, आता काठी घेऊन चालायचे.

"भाऊ, एकच विचारतो. तुमचा तो ब्राउझर कोणी बनवून रायलं का?"

"नाही."

"पुढं बनवणार?"

"नाही."

"मंग त्या डब्ब्यांचं काय करायचं?"

"भंगारात द्या!" खुर्च्यांमधून कोणी तरी ओरडलं. "अन् भाऊलेही संगं द्या, वजन वाढल!"

मी उभा राहिलो. म्हटलं, "जो वस्तू बनवतो तो निघून गेला म्हणून वस्तू वापरणारा मरत नाही. माझ्या क्रेनपैकी एक बनवणारी कंपनी मी कामाला लागायच्या आधीच बंद झाली. ती क्रेन काल दुपारी चालत होती. मीच चालती केली."

टाळ्या पडल्या नाहीत. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "क्रेन चालते. हे चालते का, ते सांगा." आणि ते बरोबर बोलत होते. साइटी उघडत नव्हत्या. मला खोटं बोलता येत नाही. मी खाली बसलो.

तेव्हा ती पोरगी मागून उठली.

"मले कम्प्युटर नाही पायजे. ठेवा नाहीतर फेका. फॉर्म तो अब मोबाइल से भी भर जाता है. मले ते खोली पायजे. घरी पुस्तक उघडलं का कोणी तरी म्हणते, बाई, जरा चहा ठेव. कोणी म्हणते, भाकर टाक. त्या खोलीत मले कोणी काही म्हणत नाही. यंदा माझा शेवटचा चान्स आहे, मंग वय संपते. बांबूले दुसरी जागा भेटल. मले नाही भेटत."

ती बसली. मी इतकी वर्षं डबे वाचवत होतो. त्या दिवशी तिने एका वाक्यात ते बाजूला केले, आणि मला वाईट वाटलं नाही, उलट डोक्यातली एक गाठ सुटली. डबे चालत होते तोवर खोली वाचली. आता डब्यांचं नाव न घेता खोली वाचवायची होती.

अध्यक्ष म्हणाले, "ठीक. मत घेऊ. खोली अभ्यासाला राहावी असं ज्यांना वाटते त्यांनी हात वर करा. भाऊ, मोजा."

आमच्या सभांत हात मीच मोजतो. माझ्या मोजण्यावर कोणी शंका घेत नाही. मी उठलो, हॉलच्या पार मागे गेलो आणि सतरंजीपासून मोजायला सुरुवात केली. बायकांचे हात वर होते. माझ्या बायकोचा सगळ्यात वर.

"भाऊ," समितीचे सेक्रेटरी म्हणाले, "तिकडं कावून मोजून रायले?"

"हात तिकडं आहेत म्हणून."

"सभासदांचेच मोजायचे. घरामांगं एक. ह्या सभासद नाहीत."

माझी बायको बसल्या जागेवरून बोलली, "वंदना आम्ही म्हणतो, हॉल आम्ही झाडतो, पौर्णिमेची खीर आम्ही रांधतो. तेव्हा सभासद पाहत नाही तुम्ही. हात वर केला का मंग दिसत नाही?"

"वहिनी, नियम आहे तो."

"कोणी केला?"

सेक्रेटरी नियमांची वही चाळू लागले. भिंतीवर ज्यांचा फोटो आहे त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही, पण सगळ्यांना ते तिथे आहेत हे आठवलं, असं मला वाटतं.

मी म्हटलं, "हे पाहा. मोजायचे तर सगळे मोजतो. हॉलमध्ये जेवढे हात वर आहेत तेवढे. अर्धे मोजायचे असतील तर दुसरा माणूस पाहा. तो जो आकडा सांगल, तो बरोबर आहे असं मी म्हणणार नाही."

मी वाट पाहिली. खुर्च्यांमधून कोणी उठलं नाही. अध्यक्षांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "मोजा."

खोली राहावी म्हणणारे एकेचाळीस हात. मंडपाला द्यावी म्हणणारे तेवीस. मी दोन्ही आकडे मोठ्याने सांगितले. मग आणखी एक आकडा सांगितला, जो मला कोणी विचारला नव्हता. फक्त खुर्च्यांवरचे मोजले असते तर खोली गेली असती, चार हातांनी.

बायकोने कपाळावर हात मारला. "हे सांगायची काय गरज होती?"

गरज होती. तो आकडा लपवून मिळालेली खोली उद्या कोणीही परत मागितली असती. आता मागायची तर उघड म्हणावं लागलं असतं की बायका मोजू नका. ते म्हणायची हिंमत त्या दिवशी कोणाची झाली नाही, अजून झालेली नाही.

एक जण मात्र चिडून म्हणाला, "मंग भाऊ, खरा आकडा कोणता?"

"दोन्ही खरे," मी म्हटलं. "पण विहार मोठ्या आकड्यावर चालते."

मंडपवाल्याने कुम्हारीकडे कुठे तरी गोदाम घेतलं. भिंत आम्ही श्रमदानाने बांधली, ती थोडी वाकडी आहे. कम्प्युटरपैकी दोन आम्ही काढून टाकले. एक ठेवला आहे, त्यावर पोरी टायपिंगचा सराव करतात. त्याला इंटरनेट लागत नाही. आता बायकांची नावंही सभासद म्हणून घेतली जातात, त्यासाठी आणखी दोन सभा आणि बरीच भांडणं लागली, ती मी इथे लिहीत नाही.

हे ऐकल्यावर प्रत्येक जण मला एकच विचारतो, ती पोरगी पास झाली का? अध्यक्षांनीही विचारलं होतं. मी कोणालाच सांगत नाही. ती पास झाली तर खोली ठेवली ते बरोबर, नाही झाली तर चूक, असा हिशेब लोकांना हवा असतो. तो हिशेब मी देणार नाही. खोली तिला पास होण्याच्या अटीवर दिलेली नव्हती.